जमा पावती

आप्पांची बंदूक मी जीपच्या मागच्या सीटवर आडवी ठेवली,
खोळीत घालून, वर गोधडी,
आणि सावद्यापर्यंत गाडी अशी चालवली
जसं मागे कुणी झोपलंय.

वैशाखाचं ऊन. केळीच्या ट्रका कडेला उभ्या,
ताडपत्रीखाली माणसं लवंडलेली.
फाट्यावर कुणीतरी विचारलं, "काय नेतेस गं?"
म्हटलं, "आप्पांचं काही."

बारा बोअर, दोन नळ्या.
परवान्यावर लिहिलंय: पीक संरक्षणासाठी.
चाळीस वर्षांत सात बार.
मला माहीत आहे, कारण प्रत्येक काडतूस वहीत आहे,
तारखेसह, ठिबकच्या बिलांच्या मागच्या पानांवर.
बंदूक खाली लोखंडी कपाटात,
काडतुसं माडीवर, वेगळ्या कुलपात.
एक किल्ली करदोड्याला.
दुसरी कुठे, ते आईलाही ठाऊक नव्हतं.
आई म्हणायची, एवढं तर माझं सोनं नाही जपलं कुणी.

मी सात वर्षांची. आप्पा ओट्यावर बसून
मांडीवर बंदूक मोडायचे,
नळ्या आभाळाकडे धरायचे,
आणि मला आभाळाचे दोन वाटोळे तुकडे दिसायचे.
"पाह्यलं का?"
"हो, रिकामी आहे."
"रिकामी आहे म्हणू नको. पाह्यलं म्हण."
थोड्या वेळानं पुन्हा तेच.
"आप्पा, आत्ताच तर पाह्यलं!"
"तवा पाह्यलं. आता पाहाय."

दिवाळीत भावानं टिकल्यांचं पिस्तूल माझ्यावर रोखलं
तेव्हा त्यानं आयुष्यातली एकमेव थप्पड खाल्ली.
तो रडला, मीही रडले.
पिस्तूल विहिरीत गेलं.

मग ती रात्र. बाग निसवलेली,
लाईट रात्रीची, मोटर चालू,
आणि तिसऱ्या सरीत पानं हलली.
सोपानकाका कुजबुजला, "मारा आप्पा, डुक्करच आहे."
पुन्हा हललं. "मारा ना!"
आप्पांचं बोट चापावर नव्हतं,
बाहेर होतं, लोखंडाला लागून, पट्टीसारखं सरळ.
"आवाजावर मारत नसतात," ते म्हणाले.
आणि बुंध्यांमधून सायसिंगची रेवली आली,
काखेत शेळीचं पिल्लू.
"सुटलं व्हतं, आप्पा."

त्या रात्री त्यांनी काडतुसं काढली, दोनदा पाहिलं,
आणि उजाडेपर्यंत ओट्यावर बसून राहिले.
चहा निवला. पुन्हा केला, तोही निवला.
हे मला सोपानकाकानं सांगितलं, ते गेल्यावर.
रेवली आता पालकडे अंगणवाडीत आहे.
तिला हे माहीत नाही.
मी सांगेन असंही नाही.

मामाच्या विलासच्या वरातीत
सगळे मागे लागले होते: दोनच बार, आप्पा, हवेत!
आप्पा म्हणाले, "वर गेलेलं उतरतं कुठं, ते आधी सांग."
बँड थांबला. नवरदेव घोड्यावर घामानं निथळत होता.
त्यानंतर नऊ हिवाळे
मामाकडचं कुणी आमच्या मळ्यातल्या भरताला आलं नाही.
आप्पा दरवर्षी वांगी पाठवत राहिले.

ठाण्यात पंखा, रजिस्टर, निळी शाई.
दर निवडणुकीला ते इथंच येऊन ती जमा करायचे,
आणि त्या महिन्यात घरात
आई जरा मोठ्यानं बोलायची, हे आज आठवलं.
हवालदार म्हणाले, "ताई, नावावर करून घेता,
का कायमची देऊन टाकता?"
अजून ठरलं नाही, म्हटलं.
डुकरं आहेतच.
आणि घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे,
त्याला प्रत्येक किल्ली सापडते.

"बरं, आत्ता ठेवून घेतो. रिकामीच आहे ना?"

घरी मी तीनदा पाहिलं होतं.
गाडीत ठेवताना चौथ्यांदा.
हो म्हणायला ओठ उघडले होते.

"पाहा," मी म्हटलं.

ते हसले, पेन कानावर खोचलं,
नळ्या भिंतीकडे वळवून बंदूक मोडली,
आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून
एक डोळा मिटला.