रेघांच्या जागेवर

याकुत्स्क. त्र्याण्णवचा जानेवारी, उणे सत्तेचाळीस.
बाहेर धुकं इतकं दाट की चालत गेलेल्या माणसामागे
काही क्षण त्याच्या आकाराचं भोक राहतं.
संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर भांडण चाललंय:
पत्रं कुठल्या तक्त्यातल्या अक्षरांनी पाठवायची.

गेनादी रोदिओनोविच म्हणतो, कोई-आठ.
वाटेतल्या एखाद्या जुनाट यंत्रानं आठवा बिट गिळला
तरी मजकूर रोमन लिपीत घरी पोचतो,
मोठी अक्षरं लहान, लहान मोठी,
चढलेल्या माणसासारखा, पण ओळखू येणारा.
वेनियामिनला आठशे सहासष्ट हवा
कारण त्याच्या मशीनमध्ये तो आहे.
तिसरा विंडोजचं नाव घेतो, आणि दोघं पहिल्यांदा एकत्र हसतात.

मात्र्योना येगोरोव्हना शब्दकोश विभागातली.
मघापासून चहा ढवळतेय, साखर कधीच विरघळलीय.
"यातल्या कुठल्या तक्त्यात
मला दूध लिहिता येईल?"

कुणी बोलत नाही.

साखा भाषेतल्या दुधाला एक ऊ लागतो,
शीळ घालताना ओठ होतात तसे करून म्हणायचा.
तो तिन्हींत नाही.
त्याच्या जागी रशियन ऊ टाकला, तर ऊऊ म्हणजे पाणी.
"मग दुधात पाणी कुणी घातलं," ती विचारते,
"मी की तुमच्या तक्त्यानं?"

अशी पाच अक्षरं बेघर.
त्यातला एक ङ. आपल्याकडे तो वर्णमालेत मानानं बसतो
आणि आयुष्यभर कामाला हात लावत नाही.
तिच्याकडे त्याला रोज राबावं लागतं.

दोनशे छप्पन्न खण.
वेनियामिनच्या तक्त्यात त्यातले अठ्ठेचाळीस
चौकटी आखायच्या सामानाला:
एकेरी रेघ, दुहेरी रेघ, डावा कोपरा, उजवा कोपरा,
एकेरी रेघ दुहेरीला मिळते तो सांधा,
करड्या रंगाच्या तीन छटा.
रेघेला जागा होती.
रेघ कुणाची मातृभाषा आहे?

सगळे घरी गेल्यावर ती बसून राहिली.
आठ ठिपके आडवे, सोळा उभे,
एकेक ठिपका पेटवत, विझवत.
पाच अक्षरं, मोठी आणि लहान,
दहा कोपरे हुसकावून तिनं तिथे बसवली.
पहाटे हीटरच्या नळीवर हात शेकत
पडद्यावरचं दूध वाचलं. मोठ्यानं.
रखवालदाराला वाटलं, कुणी शीळ घालतंय.

सकाळी वेनियामिननं महिन्याचा हिशेब उघडला
तर त्याच्या चौकटीचा प्रत्येक कोपरा
ङ ङ ङ म्हणत होता.
तो ओरडला. मग खाली वाकून पाहिलं.
मग म्हणाला, एकेरी रेघांचे कोपरे तरी सोडा,
दुहेरी घ्या, मी वापरत नाही.
त्या इमारतीत तो दिवस
मोठ्या मनाचा म्हणायचा.

नोवोसिबिर्स्कला तिचा भाऊ अफानासी.
त्याच्या मशीनला ही रात्र माहीत नव्हती.
पत्र पोचलं ते शब्दांत कोपरे घुसलेलं,
जणू कुणी वाक्यावाक्यात टेबल मांडून उठून गेलंय.
तीन आठवड्यांनी त्याचं उत्तर आलं, कागदावर, पेनानं:

"कळलं. गाय व्यालीय, आईला खोकला आहे.
आई वाडग्यात दूध गोठवायची, ते गोल निघायचं.
तुझं कोपऱ्यांचं आलंय.
पण दूधच आहे."