रबराचा डबा

दुकानात दोन होते, एकाच फळीवर.
प्लास्टिकचा स्वस्त, रबराचा जवळजवळ दुप्पट.
वेइक्को गल्ल्यावरून म्हणाला,
प्लास्टिकचा घेतलास तर तुझी बहीण घर सोडेल,
नाहीतर तुला तरी बाहेर काढेल.
मी रबराचा घेतला.
लेम्पीला अजूनही वाटतं,
मी तिच्यासाठी कधी काही केलं नाही.

नोव्हेंबरात आमच्याकडे जमीन मिटते.
फावडं मारलं तर खांद्याला झिणझिण्या येतात,
भोक पडत नाही.
डिटेक्टर कपाटात, त्याच्या बॅटऱ्या बशीत,
आणि उन्हाळाभर उकरलेलं सगळं
कॉफीच्या तीन डब्यांत, मातीसकट:
जत्रेचं मैदान, तळ्याकाठची वाळू,
शाळेमागची लोखंडी शिडी, जिथे पोरं उलटी लटकतात
आणि खिसे आपोआप रिकामे होतात.

आधी निवडायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पहिल्या खेपेला तांब्याची आणि पांढरी एकत्र फिरवली,
तर सगळे क्वार्टर गुलाबी होऊन बाहेर आले,
उन्हात झोपी गेलेल्या पाहुण्यांसारखे.
बँकेतल्या मुलीने एकेक उलटून पाहिलं.
चालतील, म्हणाली, पण हसली.

म्हणून आता सेंट वेगळे, बाकी वेगळी.
जस्ताचे सेंट बाजूलाच, त्यांच्या कडा
उंदराने बिस्कीट कुरतडावं तशा झालेल्या,
फिरवले की विरतात.
चांदीचं दिसलं तर फक्त पाणी आणि अंगठा,
तोही हळू.
डबा अर्धाच भरायचा.
माशांच्या टाकीतली खडी दोन मुठी,
पाणी नाण्यांच्या वर बोटभर,
भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब.
तीन टाकून पाहिले होते.
रात्रभर फेस झाकणातून गळत होता.

आणि मग तळघरात, सौनाच्या भिंतीला टेकून, तो फिरतो.
घरंगळ, घरंगळ, थप.
घरंगळ, घरंगळ, थप.
वरून लेम्पी विचारते,
खाली कोण कूस बदलतंय?
मी म्हणते, झोप.

तिसऱ्या डब्यात एक ढेकूळ होतं.
निकेलएवढं वाटलं. मी फोडून पाहिलं नाही.
झोप आली होती, एवढंच कारण.

सकाळी चाळणीत, करड्या पाण्याखाली,
पितळेचा बिल्ला. वर भोक.
बोटांनी ओळखला, डोळ्यांच्या आधी.
खाणीत उतरताना माणूस तो फळ्यावर अडकवायचा,
वर आला की काढून घ्यायचा.
संध्याकाळी फळ्यावर उरलेले बिल्ले
म्हणजे खाली उरलेली माणसं.

तीन. मग गुळगुळीत. मग सात.

बाबांचा तीनशे सत्तेचाळीस होता.
साठ वर्षं मातीला जे जमलं नाही
ते मी एका रात्रीत केलं,
दोन मुठी खडी आणि लिंबाच्या वासाच्या साबणाने.
मधल्या जागी शून्य ते नऊ काहीही बसतं.
दहा माणसं. त्यांतले किती वर आले
हे सांगणारं गावात आता कुणी नाही,
आणि वेइक्को सांगतो त्यावर वेइक्कोचाही विश्वास नसतो.

लेम्पीने दिव्याखाली धरला. म्हणाली, चार.
मला एक दिसतो.
तिने पदराच्या— नव्हे, एप्रनच्या टोकाने पुसायला घेतला,
मी हात धरला. घासू नकोस.
किती वर्षांनी धरला असेन मी तिचा हात,
आणि तोही ओरडत.

क्वार्टर चकचकीत निघाले होते.
ते मोजायचे राहूनच गेले.

तळघराच्या दाराशी तिने खिळा ठोकला आहे.
मी खाली उतरले की ती बिल्ला अडकवते,
वर आले की काढते.
कधी विसरते. मग रात्री स्वयंपाकघरातून हाक येते,
वर आहेस की खाली?
मी तिच्या समोरच बसलेली असते,
कॉफी गार करत.
वर, मी म्हणते.
ती तरीही उठून बघून येते.