अनोळखी उपकरण

क्लाक्सविकच्या बंदरावर धुकं उतरलं की
लोक मला फोन करतात.
होड्या बांधलेल्या राहतात,
आणि घरातल्या घरात काहीतरी बिघडलेलं दिसायला लागतं.

राग्नफ्रुईच्या संगणकाला चौदा वर्षं झालीत.
पडद्यावर महिनाभर एकच पाटी: आधार संपला.
"कुणाचा?" तिनं फोनवर विचारलं.
मी म्हटलं, "येतो."

वरची खोली. खिडकीखाली विणकामाचं यंत्र,
दोनशे सुया एका ओळीत.
यंत्रातून एक राखी केबल निघते
आणि संगणकाच्या पाठीत शिरते.
तो विणकामाचा प्रोग्राम संगणकाहून जुना,
विरजणासारखा
एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात आणलेला.
खलाशांचे स्वेटर, शाळेच्या वाद्यवृंदाचे,
घटस्फोटाच्या आदल्या आठवड्यात कुणी घाईनं मागवलेला एक,
सगळ्यांची नक्षी त्या खोक्यात.
काळा टाका, पांढरा टाका.
"हे एक-शून्य तुमच्याआधी आम्हाला येत होतं," ती म्हणाली.
मी वाद घातला नाही.

आधी नक्षींच्या दोन नकला काढल्या.
एक माझ्या खिशात,
एक तिनं पिठाच्या डब्यात खोल खुपसली.

मग नवी प्रणाली.
सव्वीस टक्के. सत्तावीस.
कृपया संगणक बंद करू नका.
"मी कुठे करतेय?"
शेजारचा ब्रांदुर दोनदा डोकावून गेला,
दुसऱ्यांदा फक्त पाव आणि रुबार्बचा मुरंबा खायला.
एकाहत्तरवर आकडा अडकला.
वीस मिनिटं. चाळीस.
मी घाम पुसतोय, ती लोकर गुंडाळतेय.
"एकाहत्तर म्हणजे माझंच वय," म्हणाली,
"मीही मार्चपासून इथेच अडकलेय. होईल."

झालं.
पडद्यावर एक निळा डोंगर आला, आमचा नव्हे.
"कुठला हा?"
"कुठलाच नसेल."
मग त्यानं नाव विचारलं.
तिनं एका बोटानं टंकलं, शेवटच्या अक्षरापर्यंत.
ते अक्षर आम्ही फक्त लिहितो,
त्याचा उच्चार इथे कुणीच करत नाही.
जुन्या संगणकानं त्याच्या जागी
आयुष्यभर रिकामा चौकोन छापला,
बिलांवर, पार्सलांवर,
नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी केलेल्या अर्जावर.
आज ते तिथे उभं होतं,
डोक्यावर आडवी रेघ घेऊन.
ती चष्मा काढून, परत लावून बघत राहिली.

केबल जोडली.
अनोळखी उपकरण.
काढली, झटकली, पुन्हा जोडली.
अनोळखी उपकरण.
"अनोळखी?" ती खुर्चीवरून उठली.
"माझ्या चारही नातवंडांचा बाळंतविडा यानं विणलाय!"
हे ती मला सांगत नव्हती.

मी शोधलं. यंत्र बनवणारी कंपनी
केव्हाच मिटली होती.
म्हटलं, दहा दिवसांत जुन्यावर परत जाता येतं.
त्यानंतर नाही.
म्हणजे सगळं पुन्हा आधीसारखं,
चौकोनासकट.

ती सुयांवरून बोट फिरवत गेली,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
"उसवलेली लोकर सरळ राहत नाही रे,
आधीच्या टाक्यांची वळणं तिच्यात राहतात.
धुवायची, खाली वजन टांगायचं, वाट बघायची."
मला हे हो वाटलं, मग नाही वाटलं.
"तुला कळवते," म्हणाली.

आज नववा दिवस. धुकं नाही.
दोनदा फोन वाजला:
एकदा चर्चचा प्रिंटर,
एकदा ब्रांदुर, उगाच.
तिची नक्कल अजून माझ्या खिशात आहे,
दोनशे टाके रुंद.
लांबी किती ते मी मोजलेलं नाही.