शेरा

रात्रीचे दोन सतरा. विक्रोळी, सातवा मजला.
पडद्यावर चौतीस हजार ओळी,
सगळ्या एकाच तोंडाच्या:
काहीतरी चुकलं.
काहीतरी चुकलं.
इथपर्यंत आलो.
काहीतरी चुकलं.
कोण आलं? कुठून?
आणि चुकलं ते कुणाचं?

ओळी सुयोग तांडेलच्या, गेल्या दिवाळीत घाईत लिहिलेल्या.
पोरगा हुशार आहे, पण नोंद म्हणजे
अंधारात मारलेली हाक असं त्याला वाटतं.
आत्ता शेजारी उभा आहे, कॉफीचा कप दोन्ही हातांत,
निकालाच्या दिवशी उभं राहावं तसा.

मानखुर्दच्या एका बाईचे अठराशे रुपये
तिच्या खात्यातून निघाले, दुकानात पोचले नाहीत.
तिचे तीन फोन येऊन गेले.
या ढिगात ती कुठेतरी आहे,
पिठात मीठ असावं तशी.

माझे वडील, हरेश्वर चुरी, इंदिरा डॉकवर टॅली क्लार्क होते.
क्रेनच्या सावलीत उलट्या खोक्यावर बसायचे,
मांडीवर फळी, कानामागे पेन्सिल.
जहाज, हॅच, मार्क, नग, फुटके, वेळ.
"रकाना रिकामा ठेव," म्हणायचे, "पण भलतंच कोंबू नकोस.
रिकामा रकाना निदान खोटं बोलत नाही."

एकदा सात पेट्या कमी भरल्या. बेअरिंगच्या.
आळ मुकादम सातार्डेकरवर.
खटला उभा राहीपर्यंत चार वर्षं गेली, माणूसही गेला.
मग वडिलांचा कागद निघाला:
तिसरी हॅच, पहाटे चार चाळीस,
नग एकशे त्रेचाळीस, बोटीतूनच कमी.
सातार्डेकरच्या बायकोला अडकलेले पैसे मिळाले,
ती पेढे घेऊन आली तर वडील दारातच म्हणाले,
"मी काही केलं नाही हो, वेळ लिहिली होती."

बस, मी सुयोगला म्हणते. वाक्यं मोड, रकाने घाल.
वेळ घाल, आणि ती कुठल्या घड्याळाची तेही.
पायरी. रक्कम. बँकेचं उत्तर, बँकेच्याच शब्दांत.
आणि एक क्रमांक, पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत
तोच, न बदलता,
प्रसूतिगृहात बाळाच्या मनगटाला पट्टी बांधतात तसा.
"नाव?"
नाव नको. कार्डाचा नंबर तर नकोच.
तिची ओळख पटावी, झडती होऊ नये.

पावणेपाचला पैसे पुन्हा पाठवून पाहिले.
या वेळी ओळ सरळ बोलली:
बँकेने आठव्या सेकंदाला "मिळाले" म्हटलं होतं.
आम्ही पाचव्यालाच पाठ फिरवली होती.
बँक नाही, नेटवर्क नाही, मानखुर्दची बाई तर नाहीच.
सुयोग काही बोलला नाही.
पाचाच्या जागी त्याने तीस लिहिलं
आणि गार कॉफी एका घोटात संपवली.

शेवटी एक रकाना उरला, मोकळ्या मजकुराचा.
"यात काय घालू?"

वडिलांच्या कागदावरही तो असायचा, अगदी उजवीकडे: शेरा.
घरी कार्बनच्या निळ्या प्रतींचा गठ्ठा आहे,
कडा कसरीने खाल्लेल्या.
पोती ओली. क्रेन अर्धा तास बंद. चहा आला नाही.
आणि एका मार्चमधल्या गुरुवारी,
सिमेंटच्या बाराशे गोण्यांच्या शेजारी, बारीक अक्षरात:
मुलगी झाली. नग एक. शाबूत.

हे मी सुयोगला सांगितलं नाही.
आमच्या नोंदी तशाही तीस दिवसांनी पुसल्या जातात,
जागा महाग असते.
कीबोर्ड माझ्याकडे ओढला,
आजच्या ओळीच्या शेऱ्यात लिहिलं:
चूक आमची. पैसे परत केले. तिला फोन करायचा आहे,
आठ वाजल्यानंतर,
झोपली असेल.