मरवाजवळचं दुकान

मरवाच्या दाराबाहेर जिना उतरलं की तिसरं दुकान माझं.
सालमीन म्हणतात मला. गाव हद्रमौतातलं,
तिथल्या विहिरींसारखंच आता खोल गेलेलं.

हाजी कोणत्या वाटेने आलाय
हे मी पासपोर्टावरून नाही, डोक्यावरून ओळखतो.

सुलावेसीचा मास्तर, दाएंग मातुतू, खुर्चीत बसतो:
थोडेच काप. उमरा झाला, हज बाकी आहे.
ही तमत्तूची वाट. दहाव्या दिवसासाठी केस राखायचे,
पेरणीपुरतं बियाणं कणगीत राखावं तसे.
संध्याकाळी तो फुलाफुलांचा शर्ट घालून,
अत्तराचा घमघमाट उडवत आइसक्रीम खात जातो,
दुरूनच मला हात करतो.

रेफिककडे कापायला काहीच नसतं.
ओलोवोच्या जंगलातला लाकूडतोड्या, किरान धरलेला,
उमरा आणि हज एकाच इहरामात.
अठरा दिवस झाले. कात्री नाही, नखं नाहीत, सुवास नाही.
नुसता पंख्याखाली बसतो.
डोकं खाजवायचं तर बोटाच्या पेराने, हलकेच.
एक केस गळला तर? विचारतो.
मी झाडू फिरवत राहतो.
इतक्यांच्या केसांत त्याचा एक कोण शोधणार!

शेजारचा इस्त्रीवाला जुब्रान दर खेपेला इफ्राद करतो,
फक्त हज. बकऱ्याचंही बंधन नाही.
म्हणतो, झेपेल तेवढंच उचलावं,
आणि दहा किलोचं गाठोडं खांद्यावर टाकून निघून जातो.

गेल्या वर्षी मिनात, दहाव्या दिवशी,
रांगेत नायजरचा हामानी होता.
मेलेल्या आईच्या नावाने हज करत होता.
खुर्चीत बसला आणि एकदम उठला.
आई असती तर बोटाच्या पेराएवढेच कापले असते.
मी तिच्या वतीने आलोय.
मग माझे किती कापायचे?

मागून लोक ओरडत होते. ऊन कानशिलावर आलेलं.
मी बावीस वर्षांत
असा प्रश्न ऐकला नव्हता.
वस्तरा पाण्यात बुडवला, म्हटलं,
बस. डोकं तुझं आहे, पुण्य तिचं.

तो बसला. रडला की पाणी ओघळलं, पाहिलं नाही,
मागे चाळीस डोकी होती.

मी कोणत्या वाटेने गेलो, विचारतात कधीकधी.
हजचे दिवस म्हणजे माझ्या कमाईचे दिवस.
माझे केस मुलगा कापतो, सफरच्या महिन्यात,
गिऱ्हाईक नसताना, दुपारी,
रेडिओ लावून.