तलवार दुकानाची

दुसऱ्या रेल्वे गेटाचं फाटक पडलं
की मी वही उघडतो.
गाडी जाईपर्यंत एक चित्र. त्याहून जास्त नाही.
काल स्कूटरवर मेथीच्या पेंड्या आल्या,
त्यांना चालवणारा माणूस मागे कुठेतरी होता.
परवा बँकेचा शिपाई छत्रीशी भांडत होता;
नाक त्याचं, छत्रीला दिलं.
‘काय करूलास गा?’
‘तुला धरूलोय. हलू नको.’
हलतोच.
हलणाऱ्याचं व्यंगचित्र होतं, न हलणाऱ्याचा फोटो,
हे मला इमामहुसेनच्या रद्दीत कळलं.

शनिवार खुटाच्या मागच्या बोळात
त्याच्याकडे माणसं वजनावर मिळतात.
चाळीस रुपये किलो, काच काढून.
फेटेवाले, कोटावर उपरणं घेतलेले,
एक बाई, जिचे डोळे फोटोवाल्यानं मागाहून
टाकानं उघडले.
मी घरी आणतो, भिंगाखाली धरतो.
द्रौपदी म्हणते, दुसऱ्यांचे आजे आपल्या कपाटात किती?
आपला एक तरी आणलास?
आपला नाही.
माझा आजा वडगावात मागावर बसायचा.
हललाच असता.

गेल्या श्रावणात एक सरदार मिळाला.
मिशीला मेण, मागे पडद्यावर कारंजं, कमरेला तलवार.
आठवडाभर मी त्याच्या लढाया ठरवत होतो.
किल्ल्याच्या खंदकाकाठी उभा केला, घोडा दिला,
घोड्याला आमच्या हेडमास्तरांचे दात.
मग दुसऱ्या गठ्ठ्यात तीच तलवार निघाली,
मुठीजवळ तोच पोचा,
एका अडत्याच्या मांडीवर.
मग मुंज झालेल्या पोराच्या हातात.
मग वकिलाच्या.
मोजले : अकरा माणसं, एक तलवार.
इतकं राबलेलं हत्यार मी कुठल्याच बखरीत वाचलं नाही.

सरदाराला उलटा केला.
पाठीवर दोन ओळी मोडी. मोडी मला येते, ठेचकाळत :
‘तलवार दुकानाची.
पगडी दुकानाची.’
त्याखाली कानडी.
ती घेऊन बसलिंगकडे गेलो. तो पाट्या रंगवतो;
कुठली ओळ वर, कुठली खाली, कुठली किती बोटं मोठी,
ह्या हिशेबात त्याचे केस पिकले.
चष्मा कपाळावर सारून त्यानं वाचलं :
‘एरडु रूपायी बाकी.’
‘म्हणजे?’ उगाच विचारलं.
‘बाकीला तुमच्यात काय म्हणतात?’
‘बाकीच.’
‘मग झालं की.’
दोघं इतके हसलो की डबा कलंडला,
हिरवा रंग, पाटीच्या कोऱ्या भागावर,
जिथे अजून काहीच लिहायचं ठरलं नव्हतं.

चित्र काढलं : तलवार स्टुलावर बसलीय,
पाय गरम पाण्याच्या घमेल्यात,
दाराबाहेर अकरा जण रांगेत, मिशा पिळत.
छापून आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी
सांबऱ्याहून एक गृहस्थ आले. निवृत्त तलाठी.
चहा घेतला नाही.
‘रांगेतला चौथा आमचा पणजा.
तलवार आमच्या घरातली. गेली कुठे ते कळत नव्हतं.’
कान बघितले. कान तेच होते,
सरदाराचे, जरा पुढे आलेले, ऐकत असल्यासारखे.
मी फोटो दिला. पाठ दाखवली नाही.
मग वाटलं, हे बरं नाही, आणि दाखवली.
पण मोडी त्यांना येत नव्हती
आणि कानडी वाचायला त्यांनी चष्मा काढलाच नाही.
‘काय द्यायचं?’ म्हणाले.
तोंडातून गेलं, दोन रुपये.
त्यांना ती थट्टा वाटली. पाचाचं नाणं ठेवलं,
फोटो पिशवीत सरळ उभा घातला
आणि जिना उतरले, कठड्याला धरून.
सुट्टे माझ्याकडे नव्हते.

आज फाटक पडलं तेव्हा तेच काढले,
आठवणीतून, पाठमोरे,
पिशवीतून पणज्याचा फेटा डोकावतोय.
गाडी लांबली होती, मालगाडी, बेचाळीस डबे.
म्हणून पान उलटून मागे लिहिलं,
मोडीत, जमेल तसं :
पिशवी त्यांची.
पेन्सिल माझी.
तीन रुपये बाकी.