टॉवेलचा हत्ती

नागासाकी, बुसान, कीलुंग...
बंदरं मी पाहिली ती गादीच्या कडेनं.
पाहुणे उतरले की आम्ही खोल्यांत.
गोल खिडकीत एक क्रेन, थोडं धुकं,
अकरा मिनिटांत बिछाना,
वर टॉवेलचा हत्ती,
त्याला बाईंचा विसरलेला गॉगल.
कागोशिमाला डोंगर धुमसत होता म्हणे.
माझ्या वाट्याला काचेवरची राख.

सुट्टीला भिलवडीत आलो तर
आक्का म्हणाली, "करून दाव की रं."
घरात पंचेच. सोंड उभी राहीना.
शेवटी लग्नातल्या आहेराचा,
घडीही न मोडलेला टर्किश टॉवेल
ट्रंकेतून निघाला,
डांबरगोळीच्या वासाचा.

आबा कॉटवरून बघत होते.
त्यांना बोट ठाऊक ती एकच,
पुरातली, रबरी.
दावं कापून म्हैस सोडली
आणि चढले.
"तुमच्या बोटीत जनावरं घेत्यात?"
"नाही."
बराच वेळ हत्तीकडं बघून म्हणाले,
"ह्याची म्हस हुईल का?"

मी टॉवेल उलगडला.
कान गेले, सोंड गेली.
शिंगं काही केल्या जमेनात.
आबा शेजारी येऊन बसले.
"डावं," म्हणाले,
"डावं जरा खाली हुतं."